मुनीमजींच्या खोलीतला पेन्टियम

छोटे, काल आईचा फोन होता. "तुझी बहीण घरात कबाड आणून भरणार म्हणते, तूच समजाव तिला." समजावते, पण आईला हवं तसं नाही. जुना कॉम्प्युटर शोधायचा, उघडायचा, पुन्हा चालता करायचा, हा नाद काय असतो ते मला चांगलं ठाऊक आहे. तो तुला लागला याचा मनातून आनंदच झालाय. एवढं मात्र आईला सांगू नकोस.

फक्त नाद करायचा तर डोकं ठिकाणावर ठेवून कर. माझं म्हणणं एवढंच की जुनं मशीन ज्या कामासाठी आलं होतं ते काम त्याच्याकडून पुन्हा करून घे. त्याला आजचं करायला जाशील तर पैसेही जातील आणि मशीनही.

आधी काय घ्यायचं ते. यूट्यूबवर परदेशातली मंडळी आयबीएमची पहिली मशीनं, अ‍ॅपल टू, कमोडोर उघडून दाखवतात आणि तू बघत बसतेस. कळतं मला. पण ते मागवायचं तर मशीनपेक्षा पार्सलचा खर्च मोठा, वर अमेरिकेतलं असेल तर ११० व्होल्टची भानगड. त्यापेक्षा आपल्याकडे काय होतं ते बघ ना. आपला गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, आणि इंटेलचा पेन्टियम थ्री बाजारात आला तोही त्याच वर्षी. २००१ मध्ये एमकेसीएलनं एमएस-सीआयटी सुरू केली. पुढे सरकारी नोकरीत ते प्रमाणपत्र मागायला लागले आणि आमगाव, देवरी, तिरोडा, अर्जुनी मोरगाव, सगळीकडे कॉम्प्युटर क्लास निघाले. त्या क्लासांत सेलेरॉन होते, पेन्टियम थ्री होते, मागून पेन्टियम फोर आले. बहुतेक असेंबल केलेले. कॅबिनेट कुठलं तरी, मदरबोर्ड मर्क्युरीचा, मॉनिटर सॅमसंगचा. झेनिथ, एचसीएल, विप्रो असं नाव लिहिलेलं मशीन दिसलं तर ते बहुतेक बँकेतून नाहीतर एखाद्या कचेरीतून निघालेलं. झेनिथ तर मुंबईचीच कंपनी. आज परदेशी संग्राहकाला त्याचं काही वाटणार नाही, पण मला विचारशील तर आपल्या भागातला इतिहास त्या पिवळट पडलेल्या डब्यात आहे, चकचकीत विलायती मशीनमध्ये नाही.

तुझ्यासारख्या नवशिकीनं पेन्टियम टू किंवा थ्री शोधावा, आणि शक्य असेल तर ज्यावर इंटेलचा ४४०बीएक्स चिपसेट आहे असा. १९९८ चा हा चिपसेट. त्याच्या बोर्डांवर आयएसए, पीसीआय आणि एजीपी असे तिन्ही स्लॉट बहुधा मिळतात, त्यामुळे डॉसही चालतं आणि विंडोज ९८ ही. एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, एटीएक्स जातीचा, त्यामुळे आजही बदलायला मिळेल. सीमॉसचा सेल साधा सीआर२०३२, किराणा दुकानात मिळणारा. ४८६ आणि त्याच्या मागचं काही इतक्यात घेऊ नकोस. का, ते पुढे सांगते.

मिळेल कुठे? कबाडीकडे सगळ्यात शेवटी जा. आधी राइस मिलमध्ये मुनीमजींच्या खोलीत बघ. टॅलीसाठी घेतलेलं मशीन बंद पडल्यावर ते फेकत नाहीत, टेबलाखाली सरकवतात आणि वर वह्यांचा गठ्ठा ठेवतात. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर मागू नकोस, त्यावर अजून कार्बनची बिलं निघत असतील, आणि मुनीमजी जीव देतील पण तो देणार नाहीत. मग फोटो स्टुडिओ, डीटीपीची दुकानं, बंद पडलेले कॉम्प्युटर क्लास. शाळेत किंवा ग्रामपंचायतीत दिसलं तर मात्र सरळ उचलून आणायचं नाही, गुरुजी कितीही म्हणोत की "ने बेटा, जागा अडली आहे." ते जडसंग्रह नोंदवहीत चढलेलं असतं. निर्लेखन होतं, मग लिलाव होतो, मग पावती मिळते. पावतीशिवाय आणलंस तर उद्या तपासणीत त्या बिचाऱ्या गुरुजींना उत्तर द्यावं लागेल.

कबाडीकडे जाशील तेव्हा 'व्हिंटेज', 'अँटिक' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. तो किलोनं विकतो, तूही किलोनंच घे. मात्र त्याच्याशी ओळख ठेव आणि एकच विनंती करून ठेव: "काका, सीपीयूचा डबा आला तर फोडायच्या आधी मला फोन करा." कारण तो आणल्याबरोबर फोडतो. मॉनिटरची मान मोडतो, मागच्या कॉइलमधलं तांबं काढायला. बोर्ड वेगळे करून पुढे पाठवतो, तिथे सोन्याच्या मुलाम्यासाठी ते अ‍ॅसिडात बुडवतात. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं, ती तशीच नाल्याकाठी पडते. ई-कचऱ्याचे नियम आपल्याकडे २०१२ च्या मे महिन्यापासून लागू आहेत, पुढे बदललेही, पण ते कबाडीच्या गोदामापर्यंत पोचलेले मला तरी दिसले नाहीत. त्यामुळे तुझ्याकडे जे निकामी सामान साठेल ते त्याला परत विकू नकोस. नागपूरला अधिकृत संकलन करणारे आहेत, वर्षातून एकदा पोतं भरून तिकडे दे.

आणि हो, दुकानात गेलीस की "हे तुम्हाला कशाला पाहिजे, मॅडम?" किंवा "भावाला पाठवा" हे ऐकायला मिळेलच. वाद घालत बसू नकोस. पर्समधून स्क्रू ड्रायव्हर आणि टॉर्च काढ आणि कॅबिनेटचं बाजूचं पान उघड. पुढचं वाक्य ते तुझ्याशी नीट बोलतात, असा माझा अनुभव आहे.

उघडल्यावर बघायचं काय? मदरबोर्डवर प्रोसेसरच्या आसपास उभ्या छोट्या डब्या असतात, ते कॅपेसिटर. त्यांचा माथा सपाट हवा. फुगलेला असेल किंवा वर तपकिरी चिकट डाग असेल तर तो गेला. साधारण १९९९ ते २००७ च्या काळात जगभर सदोष इलेक्ट्रोलाइटचे कॅपेसिटर बोर्डांवर लागले, आपल्याकडे आलेले स्वस्तातले बोर्डही त्यातून सुटले नाहीत. फुगलेले दिसले म्हणून मशीन सोडू नकोस, उलट त्याच कारणावर भाव पाड. ते बदलता येतात. जळका वास आला, बोर्डाचा एखादा भाग काळा पडलेला दिसला, तर मात्र सोड.

आता ४८६ का नको ते. ३८६-४८६ च्या बोर्डावर कीबोर्डच्या जॅकजवळ एक निळी नाहीतर हिरवी नळीसारखी बॅटरी असते, ३.६ व्होल्टची, निकेल-कॅडमियमची. ती लोणच्याची बरणी झिरपते तशी झिरपते, आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा हिरव्या करून खाऊन टाकते. बरं, मशीन बंद असलं तरी हे चालूच असतं. कधी असा बोर्ड हाती आलाच, तर चालू करून बघण्याच्याही आधी ती बॅटरी कापून काढ. डाग क्षाराचा असतो, म्हणून पांढऱ्या व्हिनेगरनं जुन्या टूथब्रशनं पुसायचा, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं, आणि सावलीत वाळवायचा. रेषा तुटल्या असतील तर बारीक वायरीनं जोडायच्या. ते काम डोळ्यांचं आहे, हात बसल्यावर कर. त्या काळच्या एटी कॅबिनेटची दुसरी गंमत म्हणजे समोरच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्टची वायर आलेली असते, नुसतं पिन काढायला गेलीस तरी झटका बसेल. आणि एसएमपीएसचे दोन जोड बोर्डात लावताना काळ्या वायरी काळ्या वायरींशेजारी यायला हव्यात. उलटे लावले तर बोर्ड गेला.

घरी आणलंस की पहिला मोह होईल प्लग लावायचा. लावू नकोस. एसएमपीएसच्या मागे एक छोटा लाल स्विच असतो, ११५ आणि २३० चा. तो २३० वर आहे ना, ते बघ. कबाडात फिरताना तो सरकलेला असतो, आणि ११५ वर राहिला तर स्फोटासारखा आवाज होऊन सगळं संपतं.

मग सफाई. आपल्याकडच्या मशीनमध्ये काय निघेल ते मशीन कुठून आलं त्यावर. मिलमधलं असेल तर कोंडा. अगदी पिठासारखा बारीक, हीटसिंकच्या पात्यांत गच्च बसलेला, आणि पावसाळ्यात ओल धरून लगदा झालेला. त्यातच धान्यकिडे मेलेले. शाळेतलं असेल तर खडूची भुकटी, बिडी कारखान्यातलं असेल तर तंबाखू, त्यानं शिंका येऊन येऊन जीव जाईल. अंगणात ने, तोंडाला रुमाल बांध, रंगाच्या कोरड्या ब्रशनं आधी सैल कर आणि मग ब्लोअर मार. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेव, नाहीतर ते भलत्या वेगानं फिरून त्याचं बेअरिंग जातं. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं पूस. "डिस्प्ले येत नाही" म्हणून टाकून दिलेली कितीतरी मशीनं एवढ्यानंच बोलायला लागतात. ही काही थट्टा नाही, दुकानदार याचेच पैसे घेतो.

पहिल्यांदा वीज द्यायची ती सिरीज बल्बमधून. हे तुला कुठल्या पॉलिटेक्निकच्या पुस्तकात मिळेल न मिळेल, पण आपल्या बाजारातल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांच्या टेबलावर तो बोर्ड लटकलेला दिसेल. ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब, एलईडी चालत नाही, तो वाटेत जोडलेला. बल्ब क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. भगभगीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद कर. मशीन वाचतं आणि घराचा फ्यूजही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही. आत ३२० व्होल्टच्या आसपास साठलेलं असतं, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतं. मॉनिटरच्या पिक्चर ट्यूबला तर २०-२५ हजार व्होल्ट लागतात. मॉनिटर बिघडला की काका. तू फक्त शेजारी बसून बघ.

काकांबद्दल आणखी एक. सोल्डरिंग शिकायचं असेल तर त्यांच्याकडेच शीक, कॉम्प्युटरच्या दुकानात नको. कॉम्प्युटरवाले आता बोर्ड बदलतात, दुरुस्त कुणी करत नाही. टीव्हीवाल्यांनी आयुष्यभर कॅपेसिटरच बदललेत. कॅपेसिटर आणताना मायक्रोफॅरड तेवढेच हवेत, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, १०५ डिग्रीचा आणि लो-ईएसआर लिहिलेला. पट्टी असलेली बाजू ऋण. नागपूरला सीताबर्डीत चौकशी कर. तिथे नाही मिळाले तर विदर्भ एक्स्प्रेस आपल्या गोंदियाहूनच सुटते, ओळखीचं कुणी मुंबईला निघालं की लॅमिंग्टन रोडची चिठ्ठी दे. एक सांगते, मदरबोर्ड अनेक थरांचा असतो, उष्णता पिऊन घेतो. रेडिओला चालणारं २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न तिथे कथील वितळवत नाही, आणि मग नवशिकी मंडळी जोर लावतात, आणि भोकाचं तांबंच उपटून येतं. आधी मेलेल्या बोर्डावर हात बसव. मेलेले बोर्ड तुझ्याकडे कमी नसतील.

कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, असं मागे म्हणाली होतीस. ते मशीन खराब नाही, आपल्या जुन्या घराला अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी वीज पत्र्यावर येते, तिला जमिनीत जायला वाट लागते. बाबांना सांगून वायरमनला बोलाव. कॉम्प्युटरसाठी नाही, फ्रिजसाठी म्हणून सांग, लगेच होईल.

जागेचंही बघ. उन्हाळ्यात ते कूलरच्या झोतात ठेवू नकोस. पंचेचाळीस डिग्रीत आपल्याला बरं वाटतं, पण ती ओली हवा पंखा आत ओढतो. पावसाळ्यात आपल्याकडे फ्लॉपीवर बुरशी धरते, पांढरे ठिपके दिसतात. तशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातलीस तर हेड खराब होऊन पुढची चांगली फ्लॉपीही ओरखडेल.

आता तुझं लाडकं, अपग्रेड. तू विचारलंस, "ताई, जास्तीत जास्त किती रॅम टाकू?" हा प्रश्नच मला आवडला नाही. पेन्टियम एमएमएक्सच्या काळात ४३०टीएक्स नावाचा चिपसेट होता. त्याची कॅशे फक्त पहिल्या ६४ एमबीपुरती. तू हौसेनं १२८ टाकलेस तर विंडोज ९८ वरच्या टोकाकडून मेमरी वापरायला लागतं, म्हणजे नेमकी कॅशे नसलेली, आणि मशीन आधीपेक्षा हळू चालतं. विंडोज ९८ ला ५१२ एमबीच्या पुढे रॅम दिली तर ते कधी कधी सुरूच होत नाही, मेमरी कमी आहे म्हणून तक्रार करतं. हार्ड डिस्कचंही तसंच. १९९९ च्या आधीच्या कितीतरी बायोसना ३२ जीबीच्या पुढचं मोजता येत नाही, ओळखता ओळखताच अडकून बसतात. जुनी हार्ड डिस्क खडखडत असेल तर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड आणि आयडीईचा अडॅप्टर लाव, ८ किंवा १६ जीबी खूप झालं. आवाज नाही, ऊब नाही. फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवलास तर पेन ड्राइव्हवरून फ्लॉपीचं काम होतं. ही अपग्रेड मला मान्य आहे, कारण यात मशीन तेच राहतं. पण दिवे लावलेलं काचेचं कॅबिनेट आणून त्यात पेन्टियम थ्री बसवणार असशील तर माझ्याकडे फोटो पाठवू नकोस.

नव्यानं पैसे घालायचेच असतील तर कीबोर्डात घाल. म्हणजे जुना टीव्हीएस गोल्ड शोध. आत चेरीचे मेकॅनिकल स्विच असतात, बँकेत आणि रेल्वेच्या खिडकीवर जो खडखडाट ऐकू यायचा तो याचाच. कीकॅप काढून साबणाच्या पाण्यात धू, वाळव, झाला नवा.

इंटरनेटला मात्र जोडू नकोस. विंडोज ९८ चा आधार मायक्रोसॉफ्टनं २००६ मध्ये काढला, एक्सपीचा २०१४ मध्ये. फाइली सीडीवरून ने. रोड रॅश खेळ, प्रिन्स खेळ, डेव्ह खेळ. परीक्षेच्या आधी नको, एवढं तरी आईच्या बाजूनं बोलते.

राहिली हार्ड डिस्क, आणि इथे जरा नीट ऐक. मशीन घेतलं की दुकानातला पोरगा म्हणेल, "द्या, फॉरमॅट मारून देतो." मारू द्यायचं नाही. त्यात मिलचे हिशेब असतील, कुणाच्या लग्नाचे फोटो असतील. ते तुझे नाहीत, चाळत बसू नकोस. ज्यांच्याकडून घेतलं त्यांना विचार, हवं ते सीडीत भरून दे, नंतर त्यांच्या सांगण्यावरून पुसून टाक.

डीटीपीच्या दुकानातलं मशीन असेल तर आणखी जपून. युनिकोड येण्याआधी, म्हणजे आला तरी आपल्या गावापर्यंत पोचण्याआधी, मराठी मजकूर श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचं आयएसएम असल्या सॉफ्टवेअरवर बसवायचे. त्यात अक्षर दिसायला 'क', पण फाइलमध्ये साठवलेला असतो भलताच इंग्रजी चिन्हाचा आकडा. आजच्या लॅपटॉपवर ती फाइल उघडलीस तर नुसता इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसेल. नीट दिसायला तेच फाँट आणि तेच सॉफ्टवेअर लागतं. श्रीलिपी तर मागच्या प्रिंटर पोर्टात एक छोटी डबी खोचलेली असल्याशिवाय चालायची नाही, तिला 'लॉक' म्हणायचे. पिवळट, आगपेटीएवढी, दोन्ही बाजूंना स्क्रू. लोक सीपीयू विकतात आणि ती डबी ड्रॉवरमध्ये राहते, नाहीतर कचऱ्यात जाते. मशीन उचलताना मागे हात घालून बघ. डबी नसेल तर मागून घे. आणि एखाद्या फारच जुन्या मशीनमध्ये आयएसए स्लॉटात सी-डॅकचं जिस्ट कार्ड मिळालं, ज्यावर डॉसमध्ये देवनागरी उमटायची, तर भाव करत बसू नकोस. तेवढे पैसे मी देईन.

तुला ज्या दुकानातला पेन्टियम थ्री मिळतोय म्हणालीस, तिथे झाडीपट्टीच्या नाटकांची हँडबिलं बसवली जायची ना? मग त्यात पेजमेकरच्या फाइली असणारच. नाटकाचं नाव, मंडळ, गाव, तारीख, कोण कोणती भूमिका करतंय, सगळं. कागदावरची ती हँडबिलं चहाच्या टपरीवर पुड्या बांधून संपली. फाइली असतील तर त्या मशीनवरच उघड, लॉक लावून. पीडीएफ करणारं काही नसेल तर सरळ प्रिंट काढून स्कॅन कर. कन्व्हर्टरनं युनिकोड करता येतं, पण जोडाक्षरं तुटतात, वाचून दुरुस्त करावी लागतील. ते मी करीन, मला पाठव.

दुकानवाल्या भाऊंना एक संच दे, एक मंडळाच्या लोकांना. आणि हे दिवाळीच्या आत उरक. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की वडसा-अर्जुनीकडची ही मंडळी रात्री तंबूत आणि दिवसा गाडीत. मग तुझा फोन उचलायला कुणी रिकामं सापडायचं नाही.